डिसेंबरातल्या करंज्या

आमच्यात एकमेकांना भेटलं की सलाम म्हणतात. मराठी ख्रिस्ती घरांतली ही जुनी रीत, पण आमच्या घरात तिला जरा जास्तच मान होता. माझे आजोबा तरुणपणी गावातल्या मोठ्या लोकांसमोर वाकून जोहार घालायचे. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी त्यांच्या डोळ्यांत बघून सलाम म्हटलं आणि हात पुढे केला. मी कोण ते मला त्या दिवशी कळलं, असं आजोबा मरेपर्यंत सांगत.

मी मात्र नोकरीला लागले आणि पहिल्याच आठवड्यात सलाम गिळला.

तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरचं वारं होतं. दोन हजार साल उजाडताना सगळी यंत्रं तारखेत घोळ घालणार, या भीतीने कंपन्या भराभरा माणसं घेत होत्या. त्या भरतीत मीही लागले आणि लोणी काळभोरहून सदाशिव पेठेत राहायला आले. एका निवृत्त शिक्षिकेच्या फ्लॅटमध्ये मला कॉट मिळाली. त्यांना मी काकू म्हणायची. काकूंनी आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. "अंडं-मटण नाही ना खात?" असं त्यांनी विचारलं, मी नाही म्हटलं. एवढ्यावर त्यांनी जे समजायचं ते समजलं आणि मी ते समजू दिलं. दुसऱ्या दिवशी टिकल्यांचं पाकीट आणलं. रविवारी कॅम्पातल्या इंग्रजी उपासनेला जायची, कारण तिथे पेठेतलं कोणी भेटायचं नाही. काकूंना सांगून ठेवलं होतं की क्लास असतो.

आपण खोटं बोलतो आहोत असं मला वाटतच नव्हतं. ऑफिसात गळ्यात ओळखपत्र असायचं, त्यावर फोटो आणि नंबर. त्यापलीकडे कोणाला काही पडलेलं नव्हतं. मला वाटायचं, झालं, आता जात, धर्म, गाव, सगळं मागे राहिलं. आजोबांना जे मिळवायला पाण्यात उतरावं लागलं ते मला फुकट मिळालं, असा माझा समज होता.

नाताळ पंधरा दिवसांवर आला होता. शनिवारी दुपारी बेल वाजली. काकूंनी दार उघडलं, तर दारात पप्पा. इस्त्रीचा सदरा, हातात स्टीलचा डबा. आमच्याकडे नाताळला दिवाळीसारखाच फराळ होतो, आणि आई गेल्यापासून पप्पा स्वतः करंज्या करायचे.

"सलाम," पप्पा म्हणाले.

काकूंनी वळून माझ्याकडे बघितलं. मी काही ठरवलं नव्हतं, देवाशपथ सांगते. तोंडातून निघून गेलं. "आमच्या गावचे आहेत. शेजारचे काका. मुलीचं लग्न झालं, रुखवतातल्या करंज्या घेऊन आलेत."

पप्पांनी तेहेतीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. खोटं बोलणाऱ्या पोराला ते पट्टीचा मार द्यायचे. ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. नजरेत राग असता तर मला सोसला असता. मग त्यांनी डबा काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, "हो. लग्नाच्याच आहेत. निघतो मी, नमस्कार." पाणीसुद्धा न पिता ते जिना उतरून गेले.

काकूंनी एक करंजी हातात धरून निरखली. "कातणं धड फिरवलेलं दिसत नाही," म्हणाल्या. "चव आहे हो पण."

गुरुवारी संध्याकाळी हॉलमधला फोन वाजला. काकूंनी हाक मारली, "तुझ्या त्या शेजारच्या काकांचा फोन आहे." मी रिसीव्हर घेतला. पप्पाच होते. त्यांनी काकूंना स्वतःची ओळख तशीच करून दिली होती. "नाताळला येशील का? कामात असशील तर राहू दे," एवढंच बोलले. माझ्यापायी आता तेही खोटं बोलू लागले होते.

रविवारी कॅम्पातल्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे वेदीपाशी जाऊन भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. ज्याने त्याने आपापलं मन तपासून पुढे यावं, असं पाळक नेहमीप्रमाणे म्हणाले. एकेक रांग उठू लागली. लहानपणी रविवारच्या शाळेत, प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट ऐकताना मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा. त्याच्या जागी मी असते तर, वगैरे. आमची रांग उठली आणि मी बसून राहिले. एक बाई मला ओलांडून पुढे गेल्या.

प्रार्थना इंग्रजीत चालली होती, माझ्या तोंडून मराठी आलं. बापा, मी कोणाची? कुठून आवाजबिवाज आला नाही. फक्त आजोबांची ती आठवण आली, डोळ्यांत बघून पुढे केलेला हात. ओळखपत्रावरचा नंबर कोणीही देतं, पण तो हात ख्रिस्ताचा होता, असं आजोबा मानायचे. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा खरं वाटलं. तो हात माझ्यापर्यंतही पोचला होता आणि मी तो शेजाऱ्यांचा म्हणून सांगितला होता. मला पप्पांची लाज वाटली होती, आता माझी वाटली. मी रडले.

घरी आले तेव्हा काकू हॉलमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. चपलाही न काढता मी सांगून टाकलं. ते माझे वडील होते, शाळेत मास्तर होते, करंज्या नाताळच्या होत्या, क्लास म्हणजे चर्च.

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "माझ्या दारातून एका मास्तरांना पाण्यावाचून घालवलंस," त्या म्हणाल्या. "तुझ्या देवाचं तू बघ. माझ्या घराच्या अब्रूचं काय? जागेचं नंतर बोलू. आधी त्यांना फोन कर."

जागेचं बोलणं कधी झालंच नाही. मार्चमध्ये मी कर्वेनगरला राहायला गेले, त्यात काकूंचा वाटा किती आणि माझा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. टिकल्यांचं पाकीट मात्र त्याच दुपारी कचऱ्यात गेलं.

मी नंबर फिरवला. काकू समोरच बसल्या होत्या.

"हॅलो," पप्पा म्हणाले.

"सलाम, पप्पा."

पलीकडून पप्पांचा आवाज अगदी हळू आला. घाबरले की त्यांची शाळेतली शुद्ध भाषा सुटायची.

"जवळ कुणी हाय का गं?"

"काकू आहेत."

"मग?"

"म्हणून तर म्हणतेय, पप्पा. सलाम."

पप्पांनी नाक ओढलेलं मला ऐकू आलं. मग वर्गात हजेरी घेताना निघायचा तसा खणखणीत आवाज निघाला, काकूंनाही ऐकू जाईल इतका.

"सलाम, बाळा."