सहाचं इंजिन आणि पाच जणांचं वजन

लोकांनी शिंप्याचं नाव ‘दर्यासारंग’ ठेवलं तेव्हा त्याला धड पोहताही येत नव्हतं. उभा जन्म शिलाई मशीनचं पायडल हलवण्यात गेलेला. पाण्याशी संबंध काय तो इस्त्रीआधी कापडावर शिंपडण्यापुरता. असल्या माणसानं जुनी बोट विकत घेतली म्हटल्यावर लोक गप्प बसतात होय?

पण शिंप्याची लेक खाडीपलीकडे दिलेली. दुकानाच्या खिडकीतून तिच्या सासरची दोरी दिसायची, दोरीवरचे कपडे दिसायचे, आणि त्यातलं आपल्या हातचं कोणतं तेही त्याला ओळखू यायचं. एवढं जवळ. रस्त्यानं जायचं तर मात्र बस अख्ख्या खाडीला वळसा घालायची, माणूस पोचेपर्यंत पार आंबून जायचा. त्यामुळं लेक माहेरी यायची ती वर्षातनं एखाद-दुसऱ्या वेळी.

बोट आली तशी विहीणबाईंनी अट घातली. “आधी आम्ही बसून बघणार. घरातले सगळे, एकदम. जिवाला घोर लागला नाही, तर सुनेला दर आठवड्याला पाठवते. घोर लागला, तर पुन्हा विषय काढायचा नाही.”

बोटीला इंजिन नव्हतं. शिंपी बायकोला घेऊन मिस्त्रीच्या दुकानी गेला. तिथं इंजिनं घोडीवर टांगलेली, खाली पाण्याचं पिंप, आणि पेट्रोलच्या वासानं डोकं धरलेलं. शिंप्यानं सगळ्यात दांडग्या इंजिनावर हात ठेवला. “पंधरा हॉर्सपॉवरचं द्या.”

“मास्तर, नाकापेक्षा मोती जड होईल,” मिस्त्री म्हणाला. “बोटीवरची पाटी वाचलीत का? माणसं पाच, इंजिन दहापर्यंत. हे धूड लावलंत तर मागची फळी उपटून इंजिन एकटंच पुढं जाईल. तुम्ही हात हलवत बसा.”

“मला विचाराल तर सगळ्यात बारकं घ्या,” बायको म्हणाली. “बुडायचंच तर सावकाश बुडू.”

“काकू, फार बारकं घेतलं तर ओहोटीला बोट जागची हलायची नाही. आत वजन किती, त्यावर सगळं आहे. मला पाच जणांची वजनं सांगा.”

आता या शिंप्याची एक खोड होती. मापं घेताना तो गिऱ्हाइकाचा आकडा मुद्दाम दोन इंच कमी पुकारायचा. तो छत्तीस म्हणाला की बायकोनं अडतीस टिपायचं, असा नवरा-बायकोचा करार. गिऱ्हाईक खूश, कपडाही नीट बसायचा. आकड्याच्या बाबतीत माणूस किती हळवा असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण व्याह्यांचं नाव निघालं की हा गडी पार भाबडा.

त्यानं लेकीला फोन लावला. मागून विहीणबाईंचा आवाज आला, “साठ सांग गं. आणि चपला काढून म्हणावं.” व्याही म्हणाले, आपलं वजन तरुणपणापासून तसूभर हललेलं नाही, आणि तरुणपणाचा आकडा सांगितला. जावयानं चार किलो कमरेच्या पट्ट्याचे म्हणून वजा केले. लेकीनंही थोडं पदराआड ठेवलंच. शेवटी शिंप्यानं स्वतःचं सांगितलं, “सत्तर.”

मिस्त्रीनं त्याच्या पोटाकडं पाहिलं, मान खाजवली. “नक्की ना?”

“म्हणजे काय! व्याही माणसं खोटं बोलतील?”

“मग सहाचं भागेल. पण मी आठ-दहाचं घेतलं असतं.”

“माणसांवर विश्वास ठेवावा, मिस्त्री,” शिंपी म्हणाला. बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

सहाचं इंजिन बसलं. एकट्यानं चालवून पाहिली तर बोट नुसती पळत सुटली. दोन-चार दिवसांत शिंप्याच्या चालण्यातच फरक पडला.

आणि मग तो दिवस आला. व्याह्यांच्या काठावरून निघायचं ठरलं. व्याही, विहीणबाई, जावई, लेक आणि सुकाणूवर शिंपी. व्याह्यांच्या लाइफ जॅकेटचा पट्टा लागेना, तो शिंप्यानं गुमान सैल केला. सगळे बसले तशी बोट अशी खाली गेली, की कडेवरून पाण्यात हात बुडवता यावा. शिंप्याचा धक्का पलीकडे वरच्या अंगाला, आणि नेमकी ओहोटी लागलेली.

इंजिन ओरडू लागलं. पाण्याला फेस आला, धूर आला, विहीणबाईंच्या कपाळाला आठी आली. बोट तेवढी पुढं येईना.

“व्याहीबुवा,” विहीणबाई शिंप्याला म्हणाल्या, “तो काठावरचा खांब मघापासून आपल्याबरोबरच येतोय का हो?”

“पाण्याला ओढ आहे जरा.”

“मामा,” जावई हळूच म्हणाला, “खांब पुढं निघालाय.”

लेक बापाकडं बघत होती. तिला अट ठाऊक होती, शिंप्यालाही ठाऊक होती. अजून थोडं रेटावं, इंजिनाला नाहीतर मिस्त्रीला शिव्या घालाव्यात, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्यानं बोटीचं तोंड फिरवलं.

“विहीणबाई, मागं नेतो. मिस्त्रीला मी माझं वजन सत्तर सांगितलंय. सत्तर मी लग्नात होतो. आता नव्वदाच्या खाली काटा येत नाही.”

व्याही खाकरले. “मीसुद्धा... लग्नातलंच सांगितलं होतं.”

“माझा पट्टा एवढा जड नाही,” जावई म्हणाला.

विहीणबाई एकदम म्हणाल्या, “साठ! साठ मी सहावीत असेन!” आणि अशा हसत सुटल्या की बोट डुलायला लागली. “विहीणबाई, हसा, पण बसून हसा,” शिंपी हात जोडून म्हणाला.

ओढीनं बोट आपोआप काठाला आली. विहीणबाई उतरल्या, पदर खोचला आणि सुनेकडं वळल्या. “तू बस. जा आजच. जमत नाही म्हटल्यावर हा माणूस परत फिरला, एवढं मला पुरे. दर आठवड्याला जा. आम्ही जडशीळ माणसं, आम्ही बसनं येऊ. आणि व्याहीबुवा, दहाचं इंजिन घ्या. मला पुन्हा बसायचंय.”

जावई काठावरच राहिला. ‘आता मी काय करू’ असा चेहरा करून तो उभा होता, पण त्याला कुणी विचारलंच नाही.

दोघंच म्हटल्यावर बोट अशी पळाली की खांब भराभर मागं पडले. शिंप्याची मान ताठ झाली. घेतलं तेच बरोबर होतं, असं तो मिस्त्रीला ऐकवायला मनात जुळवू लागला.

“बाबा,” लेक म्हणाली, “जरा हळू चालवा ना. एवढ्यात पोचू की.”

शिंप्यानं वेग कमी केला. आणखी कमी केला. बोट इतकी रेंगाळली, की धक्क्यावर वाट बघत उभ्या असलेल्या बायकोला वाटलं, इंजिन बंद पडलं. तिनं तिथूनच मिस्त्रीच्या नावानं बोंब ठोकली.