ओळंबा आणि वाकड्या खाचा

वर्कशॉपमधले सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तोच ओळंबा. या गड्याला मात्र दोरीचीही गरज नव्हती. कुठे काही वाकडं दिसलं की ते सरळ केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सासुरवाडीला गेला तरी आधी भिंतीवरचे फोटो सरळ करी, मग सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी. बायको म्हणे, "अहो, एखादी वस्तू आहे तशी राहू द्या की!" ते काही या जन्मी जमण्यातलं नव्हतं.

तीस वर्षं तो संशोधन संस्थेच्या वर्कशॉपात पितळेचे साचे कोरत होता. केसाएवढी खाच काढावी तर त्यानेच. इतक्या वर्षांत त्याचं एकही काम परत आलेलं नव्हतं. ही गोष्ट तो मुद्दाम कुणाला सांगत नसे. फक्त कुठलाही विषय निघाला तरी फिरून तिथेच येई.

वरच्या प्रयोगशाळेतली मॅडम त्याच्या थोरल्या मुलीच्या वयाची. ती रक्त तपासायची एक चिप करत होती, म्हणजे पितळी साच्यावर ओतून काढायची बारीक नळीची पट्टी. रक्ताचा एक थेंब आणि थोडं औषध बारीकशा नळीतून सोडायचं. पलीकडे पोचेपर्यंत दोन्ही एकजीव झाली तरच तपासणी होणार. अडचण अशी, की इतक्या अरुंद वाटेत पाणी खळखळत नाही. अबोला धरलेल्या जावा एका घरात वावराव्यात तसे दोन द्रव शेजारी शेजारी वाहत राहतात. त्यांना ढवळायला मॅडमने नळीच्या तळाशी बाणाच्या टोकासारख्या खाचा आखल्या होत्या. शुक्रवारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई बघायला येणार होत्या. त्यांना पटलं नाही तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

साचा कोरायला त्या खाचांचं चित्र हातात आलं आणि ओळंब्याच्या कपाळावर आठी पडली. एकाही बाणाचं टोक मधोमध नव्हतं. सहा डावीकडे सरकलेली, पुढची सहा उजवीकडे. "घाईत काढलंय पोरीनं," तो पुटपुटला आणि सगळी टोकं त्याने निमूटपणे मध्यावर आणली. तिला विचारलं नाही. एखाद्याला त्याची चूक दाखवून लाजवायचं कशाला? असा हा मोठ्या मनाचा माणूस.

बुधवारी कौतुक ऐकायला म्हणून तो वर गेला. मॅडम सूक्ष्मदर्शकापाशी डोकं धरून बसली होती. रक्त आणि औषधाऐवजी तिने आधी रंगीत पाणी सोडून पाहिलं होतं. नळीच्या शेवटालाही निळं पाणी निळंच आणि पिवळं पिवळंच. हिरव्याचा टिपूस नाही.

"काका, तुमचा साचा सुरेखच आहे. माझंच गणित फसलं," ती म्हणाली. "टोकं मी मुद्दाम बाजूला ठेवली होती. त्याने पाण्यात एक भोवरा मोठा होतो, एक लहान, आणि दर सहा खाचांनी त्यांची अदलाबदल. त्यातच दोन्ही मिसळायला हवी होती. टोकं मध्यावर असती तर प्रत्येक रंग आपल्याच अर्ध्यात फिरत राहिला असता. आता डॉक्टरांना कळवते, येऊ नका म्हणून."

काकांचा साचा तपासून बघायची तिथे कुणालाच सवय नव्हती. ओळंबा गप्प बसला असता तर चाललं असतं. पण फोन उचलताना पोरीचे डोळे भरून आले, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"थांबा मॅडम. तुमचं गणित बरोबर आहे. टोकं मी सरळ केली."

"का?"

"वाकडी दिसत होती."

मॅडम चिडली, चांगलीच चिडली. मग फोन खाली ठेवून म्हणाली, "उद्यापर्यंत वाकडी होतील?"

गुरुवारभर ओळंबा दातओठ खात वाकडं कोरत होता. प्रत्येक खाचेला हात मध्याकडे ओढ घेई आणि तो त्याला दटावी.

शुक्रवारी निळं आणि पिवळं सगळ्यांसमोर निघालं, निम्म्या वाटेवर एकमेकांत शिरलं आणि पलीकडे हिरवंगार बाहेर पडलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "पहिल्याच साच्यात जमलं?"

मॅडमने ओळंब्याकडे पाहिलं आणि त्याची लाज राखायला "हो" म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," ओळंबाच म्हणाला. "पहिला माझ्या हातून बिघडला. मॅडमचं चित्र बरोबर होतं."

वर्कशॉप त्याला आठवडाभर हसलं. मॅडम मात्र नवीन चित्राची गुंडाळी घेऊन स्वतः खाली आली, त्याच्या टेबलावर ती पसरली आणि म्हणाली, "काका, कोरायच्या आधी जरा बसून बघूया का?"