सातव्या गाण्यातला तुकडा

इस्त्रीला इस्त्री हे नाव पडलं ते त्याच्या कपड्यांवरून नव्हे. कपडे त्याचे जन्मभर चुरगळलेलेच. झालं असं, की चार मित्रांनी मिळून रॉक बँड काढला, त्यात याच्याकडे कीबोर्ड होता पण तो ठेवायला स्टँड नव्हता. पठ्ठ्यानं घरून आईचं इस्त्री करायचं घडीचं टेबल उचलून आणलं. पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी पाहिलं, पुढे गायक केस उडवतोय, गिटारवाला गुडघ्यांवर बसलाय, मागे ड्रमवाला घामानं न्हालाय, आणि कोपऱ्यात एक शांत माणूस मान खाली घालून इस्त्री करतोय. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "माझी पँट पण घे रे." तेव्हापासून खरं नाव फक्त आईच्या तोंडी उरलं, आणि तीही टेबल गेल्याच्या रागानं ते चांगल्या अर्थानं घेत नसे.

बँडमध्ये कीबोर्डवाल्याची किंमत काय असते म्हणाल, तर जेवणाच्या पंगतीत पाणी वाढणाऱ्याची. नसला तर शोधतात, असला तर दिसत नाही. चार वर्षं इस्त्री वाजवत होता आणि चार वर्षं गिटारच्या गदारोळात त्याचा एक सूर कोणाला धड ऐकू आला नाही. पण कोपऱ्यात उभं राहून त्याचा एक फायदा झाला. आपलं ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस दुसऱ्याचं ऐकायला लागतो. कोण कुठे घसरला, कोणी कुठे थाप मारून नेली, सगळं त्याच्या कानात नोंदलं जाई. कार्यक्रमानंतर बाकीचे एकमेकांच्या पाठी थोपटत, तेव्हा हा एवढंच म्हणे, "दुसऱ्या गाण्याला तिसरी ओळ पळाली." ते ऐकून ड्रमवाला हसायचा, कारण पळवणारा तोच असायचा.

हा ड्रमवाला म्हणजे हातोड्या. पहिलीपासून इस्त्रीच्या शेजारच्या बाकावर बसलेला, एकाच डब्यातून खाल्लेला. गाण्याच्या सुरुवातीला तो पाय मोकळे करायला निघालेल्या माणसासारखा वाजवी आणि मध्यावर आला की पोट बिघडलेल्या माणसासारखा. स्टेजवर लोकांना तेच आवडायचं. सगळा मांडव त्याच्याबरोबर धावत सुटायचा. पण रेकॉर्डिंगच्या खोलीत मांडव नसतो. तिथे चार भिंती असतात, भिंतींवर जुनी ब्लँकेटं असतात, आणि काचेपलीकडे साहेब असतो.

रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी सात गाणी ऐकली. मिक्सरवर तेव्हा इस्त्रीच बसला होता, कारण बाकी तिघांना त्या बटणांची भीती वाटे. (इस्त्रीची आई शेजारणीला सांगे, मुलगा मिक्सरवर बसतो. शेजारणीला बरीच वर्षं वाटत होतं, तो स्वयंपाकघरातली यंत्रं दुरुस्त करतो. एकदा तिनं आपला पाठवूनही दिला.)

"गाणी चांगली आहेत," साहेब म्हणाले. "मिक्सिंग तर फारच चांगलं. पण तुमच्या ड्रमवाल्याची गाडी सुटतेय का कुठली?"

"उत्साही आहे जरा," इस्त्री म्हणाला.

"उत्साह घरी. मी एक माणूस पाठवतो. रविवारी ड्रम नव्याने वाजवून घ्या आणि याला सांगू नका, उगाच रडारड होते. जमलं तर रेकॉर्ड निघेल आणि ही खुर्ची कायमची तुमची. नाही जमलं तर चौघं मिळून लग्नात वाजवा."

इस्त्रीनं विचार केला नाही असं नाही. केला, चांगला जिना उतरेपर्यंत केला. मग दातांच्या डॉक्टरकडे गेला. हातोड्याची अक्कलदाढ महिनाभर ठणकत होती आणि तो तोंडात लवंग धरून दिवस काढत होता. इस्त्रीनं रविवारी सकाळची वेळ घेतली.

"रविवारी कुठला डॉक्टर बसतो?" हातोड्यानं विचारलं.

"माझ्या ओळखीनं बसतोय. काढून टाक एकदाची. तुझं तोंड बघवत नाही."

हातोड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढेनं आलं की मैत्रीनं, हे त्यालाही कळलं नसेल. "माझ्या सख्ख्या भावानं एवढं केलं नाही रे," तो म्हणाला.

रविवारी दहाला साहेबांचा माणूस आला. टक्कल, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, काखेत डबा. इस्त्रीनं मनातल्या मनात त्याचं नाव कारकून ठेवलं. शहरातल्या निम्म्या रेकॉर्डांवर हाच वाजवतो आणि एकावरही याचं नाव नसतं, हे इस्त्रीला नंतर समजलं.

"त्याचाच ठेका, त्याच्याच जागा," इस्त्री म्हणाला. "फक्त पळू नका."

"पळायचं वय गेलं माझं," कारकून म्हणाला आणि बाह्या न दुमडता बसला. सहा गाणी त्यानं अशी वाजवली जशी कोणी सहा कागदांवर सह्या कराव्यात. सातव्याला डबा खायची वेळ जवळ आली होती, हात गरम झाला होता, की आणखी काय, देव जाणे. मध्येच गाण्यात जिथे चार मात्रा मोकळ्या होत्या, तिथे त्याच्या डाव्या हातानं एक तुकडा सोडला. स्टीलच्या ताटात मोती ओतावेत आणि एकही खाली पडू नये, तसा. काचेमागे इस्त्रीच्या अंगावर काटा आला.

"हे जरा जास्त झालं," कारकून डबा उघडत म्हणाला. "तुमच्या माणसाला झेपायचं नाही. पुसून टाका."

शहाणा असता तर पुसला असता. पण मिक्सरवर बसणाऱ्याची एक खोड असते. चांगला आवाज हाती लागला की त्याला तो टाकवत नाही, मग तो कोणाचा आहे आणि कोणाच्या गळ्यात पडणार आहे हे तो बघत नाही. "राहू दे," इस्त्री म्हणाला.

दोन महिन्यांनी रेकॉर्ड हातात आली. हातोड्यानं ती इस्त्रीच्याच घरी पहिल्यांदा ऐकली. सातव्या गाण्याला तो तुकडा आला आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"हे मी वाजवलंय?"

"मग काय तुझ्या सासऱ्यानं?" इस्त्री म्हणाला.

स्वतःचा फोटो चांगला आला म्हणून कोणी फोटोवाल्याशी भांडायला जात नाही. हातोड्यानं तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला, अकरा वेळा लावला. मग हळूच म्हणाला, "त्या दाढेच्या तापात वाजवलं होतं ना, म्हणून आठवत नाही." इस्त्रीनं मान हलवली. चहा ओतला. साखर विचारली.

आता खरी गंमत पुढे आहे. रेकॉर्ड चालली, आणि चालली ती त्या तुकड्यानं. जिथे जावं तिथे लोक सातवं गाणं मागत. ती जागा आली की सगळे गप्प होऊन हातोड्याकडे बघत, आणि हातोड्या त्या जागेवर दर वेळी तोंडघशी पडे. पहिल्यांदा लोक हसले, दुसऱ्यांदा कुजबुजले. चौथ्या शहरात कोणीतरी स्टेजवर रेकॉर्डच फेकली, ती बरोबर झांजेला लागून वाजली, आणि गायक माइकवर म्हणाला, "हे मात्र लयीत होतं." सगळं मैदान हसलं. हातोड्याही हसला.

"इस्त्र्या, माझा हात गेला रे," तो परतीच्या गाडीत म्हणाला. "एकदा जमलेलं असं कसं जातं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. गाडीत दोघंच जागे होते, वेळही होता. पण खुर्चीवर बसून जेमतेम सहा महिने झाले होते. इस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सराव कमी पडतोय."

हे ऐकून हातोड्यानं रोज आठ तास सराव धरला. डावं मनगट सुजलं, तर त्यावर पट्टा बांधून. पट्टा बांधून आणखी वाईट वाजू लागलं, तर दहा तास. वर्षभरात बँडनं दुसरा ड्रमवाला घेतला, आणि ते सांगायला तिघांनी कोणाला पाठवलं असेल? त्याच्याच घरी पहिलीपासून जेवणाऱ्याला. "हात बसला की परत बोलावतो," इस्त्री म्हणाला. हातोड्यानं त्याला जिन्यापर्यंत पोचवलं आणि तूच आलास ते बरं केलंस म्हणाला.

पुढची पंचवीस वर्षं इस्त्रीची चांगली गेली. कीबोर्ड त्यानं आईच्या माळ्यावर टाकला आणि खुर्ची सोडली नाही. नवेनवे बँड यायचे, उड्या मारत वाजवायचे, घरी जायचे, आणि रविवारी कारकून डबा घेऊन यायचा. कोणाला काही सांगायचं नाही हा नियम. एका गायिकेची तर वरची पट्टी इस्त्रीनं तिच्या धाकट्या बहिणीकडून गाऊन घेतली होती. दोघी बहिणी पुढे एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, तरी का ते थोरलीला कळलं नाही. लोक म्हणत, इस्त्रीच्या हाताखालून गेलेल्या गाण्याला सुरकुती नसते. कारकून वारला तेव्हा त्याच्या बायकोला इस्त्रीनं विचारलं, घरी रेकॉर्ड किती आहेत यांच्या? ती म्हणाली, "यांच्या कसल्या? हे तर विमा कचेरीत होते ना?"

मग एक दिवस हातोड्याची बायको स्टुडिओत आली. तोवर हातोड्याचं फरशांचं दुकान होतं, बाथरूमच्या फरशा, नळ, आरसे.

"भावजी, तुमच्याशिवाय त्यांना कोणी सांगू शकत नाही," ती उभ्यानंच म्हणाली. "दोनदा मनगटाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्यांदा कापलं तर बोटं हलणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. आणि हे रोज सकाळी दोन तास दुकानात खोक्यांवर तेच वाजवतात. तेच, सातवं. म्हणतात, आज जवळ आलं होतं."

"अजून?" इस्त्री म्हणाला.

"सव्वीस वर्षं. तुम्ही म्हणालात ना, सराव कमी पडतोय."

इस्त्रीनं गोदामातून जुनी टेप काढली, हातोड्यानं स्वतः वाजवलेलं सातवं गाणं फोनवर उतरवून घेतलं आणि गुरुवारी दुकान गाठलं. हातोड्या फरशांच्या खोक्यांसमोर स्टुलावर बसला होता, डाव्या मनगटाला पट्टा, आणि हातात काड्या. इस्त्रीला बघून त्याचा चेहरा फुलला. स्टूल पुसून दिलं.

इस्त्रीनं सगळं सांगितलं. साहेब, रविवार, कारकून, सगळं. काहीही गाळलं नाही.

हातोड्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हिनं पाठवलं ना तुला?"

"पाठवलं, पण..."

"माझा हात गेला म्हणून मला वाईट वाटू नये, यासाठी तू स्वतःला चोर म्हणवून घेतोस. तुझं काळीज फार मोठं आहे इस्त्र्या. पहिलीपासूनच."

आता काय करणार? इस्त्रीनं फोन काढला आणि गाणं लावलं. हातोड्या कान देऊन ऐकू लागला. दुसऱ्या ओळीला त्याच्या कपाळाला आठी पडली, तिसऱ्या ओळीला तो हसायलाच लागला.

"कोण रे हा गाढव? मागे कुत्रं लागलंय का याच्या? हे बघ, ही जागा मोकळी आहे, इथे काही तरी सुचायला नको? नुसतं धपाधप. अशा माणसाच्या हातातून काड्या काढून घेऊन त्याला घरी पाठवावं. तूही पाठवलंच असशील."

गाणं संपलं. पण टेप चालूच राहिली होती. फोनमध्ये स्टूल करकरलं, आणि बावीस वर्षांच्या पोराचा आवाज दम लागलेल्या स्वरात म्हणाला, "कसं झालं इस्त्र्या? पळालो नाही ना?"

बाहेर कोणीतरी टेम्पोतून नळ उतरवत होतं. हातोड्यानं काड्या खोक्यावर ठेवल्या, एकीला एक लावून. मग पट्ट्याचं बक्कल सोडलं, पट्टा गुंडाळला आणि गल्ल्यात टाकला. मनगट पांढरं पडलं होतं, सोललेल्या काकडीसारखं.

"हिला काही सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही सांगत."

"कोणालाच नाही."

"नाही."

"दर गुरुवारी मोकळा असतोस?"

इस्त्रीला प्रश्न कळला नाही, पण नाही म्हणायचं तोंड त्याच्याकडे नव्हतं.

ऑपरेशन टळलं. हातोड्यानं काड्यांना पुन्हा हात लावला नाही. वहिनींनी इस्त्रीला फोन करून सांगितलं, की भावजी, तुम्ही देवासारखे आलात. दर गुरुवारी त्या स्वतः दुकानात त्याच्यासाठी चहा घेऊन येऊ लागल्या, दुधाचा, आलं घातलेला. हातोड्यानं त्याच्यासाठी आरशांच्या भिंतीसमोर एक चांगली खुर्ची ठेवली. गिऱ्हाईक आलं की तो आधी फरशा दाखवी, मग गाणं लावी आणि सातव्यातला तुकडा आला की सहज म्हणे, "हे मी वाजवलंय. खोटं वाटत असेल तर या साहेबांना विचारा, रेकॉर्ड यांनीच केली."

पहिल्या गुरुवारी इस्त्रीनं नुसती मान हलवली. हातोड्यानं गिऱ्हाईक जाऊ दिलं आणि शांतपणे म्हणाला, "मान नको हलवू. तोंडानं सांगायचं. सव्वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतंस ना, तसं."

इस्त्री तोंडानं सांगू लागला. समोर आरसे, त्या प्रत्येकात तो, आणि प्रत्येक जण तेच सांगतोय. वर्ष झालं, दोन वर्षं झाली. एका गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ न्हाणीघरासाठी निळ्या फरशा बघायला आले. हातोड्यानं गाणं लावलं, तुकडा आला. गृहस्थ म्हणाले, वा.

"कोणी वाजवलंय, विचारा यांना," हातोड्या म्हणाला.

"यानंच," इस्त्री म्हणाला.

"मोठ्यानं सांग. त्यांना कमी ऐकू येतं."

इस्त्रीनं चहाचा कप खाली ठेवला आणि मोठ्यानं सांगितलं. आतून वहिनी कौतुकानं बघत होत्या. हातोड्यानं गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं, कारण दारात आणखी एक गिऱ्हाईक चपला काढत होतं.