सात शब्द आणि सारवलेल्या भिंती

वृत्तपत्राच्या डेस्कवर नऊ वर्षे काढल्यावर मी हिवताप नियंत्रणाच्या कामात आले. पद आरोग्य शिक्षणाचे, नेमणूक कंत्राटी, आणि बसायची जागा नाशिकच्या कार्यालयात, सूक्ष्मदर्शकांच्या रिकाम्या पेट्यांशेजारी. नव्वदचे दशक संपत आले होते. काम काय, ते पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी सांगितले. "औषध आम्ही मारतो. लोकांना तुम्ही समजवा. डासांना समजवायची गरज नाही, त्यांना कळतं."

कार्यक्रम राष्ट्रीय होता, पण शेवटी तो घराच्या भिंतीवर येऊन थांबत असे. हिवतापाचा डास चावल्यानंतर जवळच्या भिंतीवर विसावतो. भिंतीवर फवारलेले औषध त्याला तिथे मारते. औषधाचा असर साधारण अडीच महिने टिकतो. अट एकच, ते झाकले जाऊ नये. सुरगाण्याकडच्या डोंगरात भिंती कुडाच्या असतात आणि बायका त्या शेणामातीने सारवतात. सारवण एकदा फिरले की औषध आत आणि डास बाहेर.

फवारणी झाली की कामगार गेरूने भिंतीवर फेरी, तारीख आणि खोल्यांची संख्या लिहीत. इतरत्र हे लिखाण दाराबाहेर असते. सुरगाण्याच्या पावसात बाहेरचे काही टिकत नाही, म्हणून तिथे ते आत लिहिले जाई.

दुसऱ्या फेरीआधी वरिष्ठांनी गावकऱ्यांसाठीच्या सूचनांचा कागद माझ्याकडे दिला. दीड पान, अकरा सूचना, एक वाक्य तर चौदा ओळींचे. डेस्कवर असा मजकूर आला की हात आपोआप लाल पेनकडे जातो. भांडी झाका, धान्य हलवा, मुलांना बाहेर ठेवा, हे कामगार तोंडी सांगणारच होते. उरलेल्यात एक सूचना भिंती न सारवण्याची होती आणि एक गेरूचे लिखाण न पुसण्याची. लिखाण भिंतीवर आहे, भिंत सारवली तर लिखाण जाईल, म्हणजे दुसरीत पहिली आली, असा मी हिशेब केला आणि पहिली कापली. छापून गेले ते सात शब्द: फवारणीनंतर भिंतीवरचे सरकारी लिखाण कोणीही पुसू नये.

वरिष्ठ म्हणाले, "सुटसुटीत झालंय." मला बरे वाटले.

हे पत्रक ज्या पाड्यावर पुढे गाजले, तिथला आरोग्य कर्मचारी देवळ्याचा होता. तिकडे त्याचे घर, बायको आणि कांद्याचे शेत. इकडे तो अकरा वर्षे तापाचे रुग्ण शोधत आणि बोटे टोचून रक्ताचे नमुने घेत फिरत होता. दरवर्षी विनंती बदलीचा अर्ज करी आणि दरवर्षी अर्ज परत येई. त्या वर्षी देवळ्याला जागा रिकामी झाली आणि त्याच्या अर्जावर शेरा पडला: तपासणीनंतर विचार करू. तपासणीला पुण्याहून कीटकतज्ज्ञ येणार होते. त्यांना त्याचा पाडा दाखवायचे ठरले, कारण तिथे एकही घर फवारणीवाचून राहिले नव्हते.

ऑक्टोबरात पुण्याच्या त्या साहेबांना घेऊन आम्ही वणीमार्गे सकाळीच पोचलो. पाड्यातली सर्वांत वयस्कर बाई अंगणात उभी होती. सगळा पाडा तिला मावशी म्हणे. तिने साहेबांना हाताला धरून आत नेले.

भिंत नुकतीच सारवली होती. बोटांची नक्षी एकसारखी, वास अजून ओला. मधोमध हातभर चौकोन मात्र कोरा सोडलेला. त्यात आमची तारीख, फेरी आणि खोल्या. चौकोनाभोवती तांदळाच्या पिठाची पांढरी किनार आणि चारही कोपऱ्यांत एकेक फूल.

"हे बगा तुमचं लिवलेलं," मावशी म्हणाली. "बोट नाय लावलं कोणी."

"आणि बाकीची भिंत?" साहेबांनी विचारले.

"ती सारवली ना. पाव्हणे येनार म्हनल्यावर नको का सारवाया?"

"कोण पाहुणे?"

"आता तुमी कोण मग?"

आम्ही दुसऱ्या घरात गेलो, तिसऱ्यात गेलो. सगळीकडे ताजे सारवण आणि सगळीकडे चौकट. एका घरात किनारीला मोर होते. कर्मचाऱ्याच्या चेहऱ्याचा रंग घरागणिक उतरत गेला.

साहेबांनी टॉर्च पेटवली, काचेची नळी तोंडात धरली आणि भिंतीवरचे डास शोषून नळीत घेतले. मग नळी उजेडात धरून ते म्हणाले, "चौकटीत एकही नाही. चौकटीबाहेर चार. तुमच्याकडचे डास साक्षर दिसतात."

साहेबांनी पत्रक मागितले. मी दिले. वाचायला त्यांना वेळ लागला नाही.

"लोकांनी अक्षरशः पाळलंय. कोणी लिहिलं हे?"

"साहेब, छपाईत काहीतरी..." कर्मचारी म्हणाला. त्याची बदली त्या क्षणी साहेबांच्या हातातल्या पत्रकावर लटकत होती आणि तो मला वाचवत होता.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

"याआधी कुठे होता?"

"वर्तमानपत्रात."

"तरीच."

निर्णय त्यांनी अंगणातच दिला. शिल्लक औषधातून पाडा पुन्हा फवारायचा. दिवाळीनंतर ते परत येतील. भिंतींवर औषध तसेच दिसले तर शेरा चांगला लिहितील, नाहीतर जे दिसेल ते लिहितील. जीप गेल्यावर कर्मचारी उखळावर बसला. एरवी तो माझ्याशी शुद्ध बोले. धीर सुटला की अहिराणीवर येई.

"मॅडम, दिवाळी तोंडवर शे. दिवाळीले भिंती सारवू नका, असं कोन्या बाईले सांगू? आते मी आठेच म्हातारा व्हसू."

इथेच म्हातारा होण्याची त्याची भीती खरी होती. त्या भागात वाघबारशीपासून दिवाळी सुरू होते आणि तोवर सारवले नाही असे घर नसते.

पुन्हा फवारणी झाली. भिंतींवर पांढरे ओघळ उमटले. त्याच दुपारी बायका मावशीच्या अंगणात जमल्या आणि चूक माझी असल्याने भाषण मी केले. डास कुठे बसतो, औषध कसे मारते, सारवल्याने काय होते, सगळे सांगितले. मधे बसलेली एक बाई सगळे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "ओघळ लय वंगाळ दिसत्यात पन."

"दिवाळीला अशी भिंत?" दुसरी म्हणाली. "सासू काय म्हनंल?"

"सासू डासानं मरंल तवा काय म्हनंल?" तिसरी म्हणाली, आणि सभा त्या सासूच्या विषयावर गेली.

मावशीचे लक्ष मात्र कर्मचाऱ्याकडे होते. "भाऊ, तुझं तोंड का असं? ताप हाय का? टोच की सोताचं बोट."

मग त्याने सांगितले. देवळ्याची जागा, अर्ज, साहेब, शेरा. सांगताना तो जमिनीकडे पाहत होता.

"तुला बायको हाय?" मावशीने विचारले.

"आहे ना, मावशी."

"अकरा वर्सं झाली. आमाला वाटलं तुला घरी कोनी घेत नाय."

बायका इतक्या हसल्या की शेजारच्या घरातले पुरुष बाहेर आले. तोही हसला.

"आदी सांगायचं व्हतं," मावशी म्हणाली. "डासाचं कशाला सांगत बसलात? नाय सारवत. मानूस घरी जाऊ द्या." मग माझ्याकडे वळून तिने खात्री करून घेतली. "जमीन सारवली तर चालंल?"

"चालेल. जमिनीवर औषध नाही."

"अंगन?"

"अंगणही."

"आन लिवलेलं? त्याला किनार घालायची का नको?"

मी आधी सगळा विचार केला आणि मगच नको म्हणाले.

त्या दिवाळीत पाड्यावरच्या एकाही घराची आतली भिंत सारवली गेली नाही. साहेब परत आले, टॉर्च घेऊन सगळ्या घरांत फिरले. ओघळ जागच्या जागी होते. मावशीच्या घरी गेरूच्या तारखेखाली, जमिनीवर, दिवाळीची पणती ठेवलेली होती. साहेबांनी पणतीकडे पाहिले आणि शेरा लिहिला: भिंती समाधानकारक.

बदलीचा आदेश नोव्हेंबर संपताना निघाला. कर्मचारी देवळ्याला जायला निघाला त्या दिवशी मीही पाड्यावर होते, नवे पत्रक घेऊन. त्यात तेवीस शब्द होते. वरिष्ठांनी "जरा लांबलंय" म्हटले होते आणि मी एकही कमी करू दिला नव्हता. दिवसातून एकच एसटी येई, दुपारी. कर्मचारी ट्रंक घेऊन थांब्यावर उभा होता. गाडी वळणावर दिसली आणि त्याच वेळी त्याला वर चढावर मावशी दिसली. कोपरापर्यंत शेणाने भरलेले हात, समोर घमेले.

"मावशी!" तो ओरडला. "अजून महिना बाकी शे!"

ट्रंक तिथेच टाकून तो चढ चढून गेला. मी मागोमाग गेले. अंगणात उभा राहून त्याने तिला औषध, अडीच महिने, लहान मुले, ताप, सगळे पहिल्यापासून सांगितले. माझे भाषण त्याला पाठ झाले होते. माझ्यापेक्षा त्याने ते चांगले केले. मावशीने ते मधे न बोलता संपू दिले.

"झालं?" ती म्हणाली. "मी अंगन सारवते, भाऊ."

खाली कंडक्टरने घंटा दिली. आम्ही उतारावर धावलो, पण एसटी ट्रंकेला वळसा घालून निघून गेली होती. कर्मचारी ट्रंकेवर बसला. मावशी हात न धुताच मागोमाग आली होती.

"अकरा वर्सं ऱ्हायलास," ती म्हणाली. "आजचा दिस जेवून जा. आन आत जाऊन भिंत बगून घे, म्हंजे देवळ्याला झोप लागंल."

तो खरोखरच आत गेला. भिंतीवर हात न लावता, अगदी जवळून, कोपऱ्याकोपऱ्यात पाहून आला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तो देवळ्याला गेला, तेव्हा खिडकीतून त्याने पाड्याकडे पाहिले नाही. मावशीला चुकून पुन्हा शेण कालवताना पाहिले तर आणखी एक गाडी चुकेल, असे तो चढतानाच मला म्हणाला होता.