खुलासा

वडील मंगळवारी सकाळी वसईच्या इस्पितळात गेले.

त्याआधीच्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर ते एकदा गेलेच होते. महापालिकेला उभं राहू पाहणाऱ्या एका इसमाने त्यांना श्रद्धांजली वाहिली होती. चित्रात वडील बोटभर आणि तो स्वतः हातभर, हात जोडून. वडील तेव्हा घरी पेज खात होते. आईला फोन आला, ‘कधी नेणार?’

‘कोण गेलं?’ वडिलांनी विचारलं. गिरीज गावात कोणाची तिरडी बांधायची झाली की आमच्या वाडीतला बांबू तोडून पहिले तेच पोचायचे. आपल्यालाही गावच नेईल, एवढी एक खात्री त्यांनी बाळगली होती.

आईने चित्र दाखवलं. ‘फोटो तरी बरा लावायचा,’ ते म्हणाले.

समाजमाध्यमांतल्या खोट्या बातम्या आणि राजकारण हा माझ्या संशोधनाचा विषय. खुलासा कसा लिहावा, यावर मी तासन्‌तास शिकवलं आहे. तसाच एक लिहिला. वडील बरे आहेत. मी स्वतः कळवल्याशिवाय अशा मेसेजवर विश्वास ठेवू नये. शंभरेक अंगठे आले. माझं काही इतक्या लोकांनी वाचण्याची ती पहिलीच वेळ, आणि मला बरं वाटलं होतं.

मंगळवारी मी इस्पितळाच्या कागदांवर सह्या करत होतो. फोन बंद पडला होता. चुलतभावाने ग्रुपवर कळवलं की तीन वाजता नेणार. ग्रुप चालवणारा त्या इसमाचा भाचा. सभ्यतेची त्याला अचानक आठवण झाली. त्याने बातमी काढून टाकली, माझा खुलासा पुन्हा डकवला आणि वर लिहिलं, ‘दादांनी सांगितलंय ना? जित्या माणसाला किती वेळा मारणार?’

घरी येऊन, फोन चार्जिंगला लावून मी स्वतः कळवलं तेव्हा दोन वाजून गेले होते. गाव अंधेरी-चर्चगेटला कामावर होतं. शेजारचे दोन म्हातारे आले; त्यांना खांदा झेपणार नव्हता. आम्ही तासभर थांबलो.

संध्याकाळी अंगण भरलं. प्रत्येकाने मला ऐकवलं की तूच विश्वास ठेवू नका म्हणाला होतास. त्या इसमाने जुनंच चित्र तारीख बदलून टाकलं. विभागातल्या सहकाऱ्याने सांत्वनाचा फोन केला आणि ठेवताना म्हणाला, ‘याचा पेपर होईल बघ.’ मी त्याला निर्लज्ज म्हणणार होतो. पण तोच विचार मला स्मशानात येऊन गेला होता.

वडिलांना खांदा मी दिला, चुलतभावाने दिला, शववाहिनीच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या सोबत्याने दिला. आई अधूनमधून त्या दोघांची नावं विचारते. ती मला माहीत नाहीत.