अक्काताईंनी ओढलेली रेघ

कसबा सांगावच्या अक्काताई मगदूम यांना कुणाचं नुसतं नाव सांगा, पुढचं सगळं त्या सांगतील: गाव, मामाचं गाव, गोठ्यात म्हशी किती आणि थोरला जावई नीट वागतो का नाही. शहरात लक्ष्मीपुरीतल्या त्यांच्या समाजाच्या वधूवर मंडळात त्यांची उमर गेली. त्यांनी जमवलेल्या लग्नांतून झालेली पोरं आता स्वतःच लग्नाला आलीत. आणि असल्या बाईचा सख्खा पोरगा, अरिहंत, पस्तिशी आली तरी बिनलग्नाचा. आता बोला.

पोरात काडीची खोट नाही. शेतकी पदवी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, ऊस बघावा तर त्याच्याच रानातला. पण रानाला लागून पंचतारांकित एमआयडीसीचं कुंपण. कुंपणाच्या आत शिफ्टला जाणाऱ्या पोरांना मुली सांगून येतात आणि कुंपणाबाहेरच्या मालकाला कुणी विचारत नाही. अक्काताईंना याचा राग यायचा आणि रागापेक्षा लाज जास्त वाटायची. जगाची लग्नं लावणाऱ्या बाईनं घरी काय तोंड दाखवायचं?

तशात मंडळाच्या सेक्रेटरींनी, जिनेशनी, सगळी स्थळं कॉम्प्युटरवर चढवली आणि रिपोर्ट काढायचं सॉफ्टवेअर आणलं. "लग्नं काय बटण दाबून जमत्यात व्हय?" अक्काताई फणकारल्या. पण घरी जाता जाता त्यांच्या मनात आलं, एवढ्या ढीगभर मुलींत आपल्या डोक्यातून निसटलेली एखादी असंल की. अरिहंतसाठी म्हणून पुढच्याच शनिवारी त्या माउस धरून बसल्या.

शिकवायला यायची तेजस्वी चौगुले. एका फौंड्रीच्या ऑफिसात ती हेच सॉफ्टवेअर चालवायची, शनिवारी सुट्टी म्हणून मंडळात फुकट यायची. तिशी ओलांडलेली, घटस्फोट घेऊन माहेरी राहणारी. हे अक्काताईंना कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठाऊक होतंच.

स्क्रीनवर दोन चौकोन: एक मुलग्यांचा, एक मुलींचा. प्रत्येकात नाव, गाव, वय, शिक्षण, काम, लग्न पहिलं का दुसरं, अपेक्षा. या चौकोनातल्या एका शब्दावर माउस दाबून धरायचा, त्या चौकोनातल्या शब्दापर्यंत ओढत न्यायचा, की मधे रेघ उमटते. मग 'चालवा' म्हणायचं. तेजस्वीचं सांगून व्हायच्या आतच अक्काताईंनी 'चालवा' दाबलं, रेघ न ओढता. कॉम्प्युटरनं प्रत्येक मुलग्याची गाठ प्रत्येक मुलीशी मारून दिली. प्रिंटर थांबेना. शेवटी जिनेशनी येऊन वायर उपटली आणि कागदाकडं बघत सुस्कारा सोडला.

"रेघ कशाची कशाला जोडायची, सांगा बघू," तेजस्वीनं विचारलं.

यात विचारायचं काय? दारात पावणा आला की पाण्याच्या तांब्याआधी आपण गाव विचारतो. अक्काताईंनी गाव गावाला जोडलं. यादी झकास आली. निमशिरगावच्या मुलग्यांपुढं निमशिरगावच्याच मुली. पहिल्याच ओळीत सख्खे बहीण-भाऊ, खाली एका भिंतीआडचे चुलत.

"अगं बाई, ही तर एका ताटात जेवत्यात," अक्काताई कपाळावर हात मारून म्हणाल्या. तेजस्वी इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं.

हळूहळू त्यांना जमायला लागलं. मुलीच्या अपेक्षेची रेघ मुलग्याच्या कामाला, मुलग्याच्या अपेक्षेची मुलीच्या माहितीला. मंडळाच्या वधूवर मेळाव्याच्या आधीच्या शनिवारी त्यांनी कुणाला न विचारता सगळं जुळवलं आणि 'चालवा' दाबलं. यादी नीट आली, बहीण-भाऊ कुठं नव्हते. त्या बोट ठेवून अरिहंतचं नाव शोधू लागल्या. वरून खाली, खालून वर. नावच नाही.

"ह्या मशिननं माझं पोरगं खाल्लं की गं."

"खाल्लं न्हाई, अक्का. दोन्हीकडं जुळलं तरच ओळ येते. ज्याचं जुळलं न्हाई त्याला हे धरतच न्हाई." तेजस्वीनं रेघेवर क्लिक केलं. तिथं आणखी एक पर्याय होता: जुळो न जुळो, मुलग्यांच्या सगळ्या ओळी दाखवा.

आता अरिहंत आला. त्याच्यापुढची जागा कोरी. त्याच्या खालीही कोरी जागा घेऊन बसलेले कितीतरी, बहुतेक शेतकरीच. अक्काताईंना भडभडून आलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि ज्यांनी ज्यांनी 'शेतकरी नको' लिहिलं होतं त्यांच्या आयांचा एकेक करून उद्धार केला.

तो आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "आता पोरींच्या सगळ्या ओळी काढूया." आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं केलं.

कोऱ्या जागेच्या मुलीही निघाल्या. कुणाचं वय जास्त, कुणाचं शिक्षण मुलग्यांपेक्षा जास्त. आणि तळाशी, तेजस्वी चौगुले.

"तुझं नाव हाय की हितं."

"हाय की. आईनं घातलंय."

"शेतकरी नको म्हटलंयस?"

"न्हाई. माझी अट न्हाई त्याबद्दल."

"मग अरिहंतसंगं का जुळलं न्हाई?"

अक्काताईंनी अरिहंतची माहिती उघडली. अपेक्षा: मुलीचा प्रथम विवाह असावा. ती त्यांनीच लिहून दिली होती, सगळेच लिहितात म्हणून, पोराला न विचारता. आत्ताच बाकीच्या आयांना घातलेल्या शिव्या त्यांच्याच कानात वाजायला लागल्या.

"तुला ठाऊक हुतं?"

"सगळ्यांच्या अटी मीच टाइप केल्यात, अक्का."

हे वाचून ही पोरगी दर शनिवारी आपल्याला हसत शिकवत होती. अक्काताईंना मान वर करवेना. त्यांनी माउस त्या अटीवर नेला.

"नको," तेजस्वी म्हणाली. "अट त्यांची हाय."

"त्याची न्हवं. माझी हाय," अक्काताई म्हणाल्या आणि त्यांनी ती खोडली. 'चालवा' दाबलं. अरिहंतपुढची जागा भरली.

तेजस्वी त्या ओळीकडं बघत राहिली. "रेघ बरोबर ओढलीय तुम्ही," ती म्हणाली. "पण हो का न्हाई, ते मशिन सांगणार न्हाई. मीच सांगणार, तेबी त्यांनी विचारलं तर."

अक्काताई जिना उतरल्या. खाली अरिहंत गाडी लावून त्यांची वाट बघत होता.

"तुझ्या नावानं मी एक अट लिवली हुती, तुला न इचारता," त्या म्हणाल्या. "आज खोडली."

"कसली अट?"

"वर तेजस्वी हाय, तिला इचार. मी ह्यात आता बोलणार न्हाई."

आई बोलणार नाही, हे अरिहंतनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यानं गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि तो जिना चढायला लागला.