शांताक्कांचा टँकर आणि दोन देशांचे रेडिओ

सांगलीहून जतची एसटी पकडली तेव्हा मी भलत्याच तोऱ्यात होते. पाच वर्षं लंडनला काढलेली, तीन अमेरिकेत. दोन्हीकडचा सार्वजनिक रेडिओ कान देऊन ऐकलेला. जतजवळच्या एका गावच्या रेडिओ केंद्रानं सल्ल्यासाठी बोलावलं होतं. मिरज मागे पडलं, ऊस संपला, मग नुसत्या बाभळी आणि मेंढरं.

केंद्र म्हणजे एक खोली, भिंतींना गोधड्या. पाण्याच्या टँकरची वेळ सांगणारा सकाळचा कार्यक्रम शांताक्का करायच्या. ऐकणारे घटले म्हणून समिती तो शनिवारी बंद करणार होती.

"चार दिस हायत, ताई. माझा लय जीव हाय ह्यात," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी ब्रिटिश पद्धत. तिकडे निवेदक स्वतःला मागे ठेवतो. आधी वेळ, मग संथ सुरात मोजकी माहिती. शांताक्कांनी अगदी तसंच केलं. अर्ध्या तासात दारात माणसं! एकीनं पिठलं-भाकरी बांधून आणलेली. मयताच्या घरी चूल पेटत नाही ना!

"अक्का, कोन गेलं वं?"

एवढी कष्टी बोलतेय म्हणजे हिच्याच घरातलं कुणी गेलं, असं गावानं ठरवलं होतं. भाकरी आम्हीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अमेरिकन. तिकडचा निवेदक दोस्तासारखा बोलतो, स्वतःला काय वाटलं तेही सांगतो. शांताक्का वैतागल्या. "आवं, मला काय वाटलं ते कोन इचारतंय? पानी कवा येनार ते इचारत्यात!"

पण तिकडचे लोक माणसांत जाऊन आवाज टिपतात, ते त्यांना पटलं. तिसऱ्या दिवशी आम्ही टँकरच्या रांगेत गेलो. एका म्हातारीनं आधी मला कानडीत "ऊट आय्ता?" (जेवलीस का?) विचारलं, मग शांताक्कांवर घसरली. "तू कागदावरची येळ सांगतीस. टँकर येतो कवातरी. कशाला ऐकायचं तुझं?"

शांताक्कांचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं; दोन दिवस मी नुसता सूरच बदलत बसले होते.

शेवटच्या सकाळी त्यांनी मला न विचारता कार्यक्रमातूनच टँकरवाल्याला फोन लावला.

"कुठं हायस रं?"

"फाट्यावर च्या पितोय की."

"सगळं गाव ऐकतंय बरं का!"

पाऊण तासात टँकर हजर.

दुपारी समितीचे अध्यक्ष कार्यक्रम बंद करण्याचं पत्र घेऊन आले. तेवढ्यात त्यांच्या घरून फोन. बायकोचा आवाज आम्हालाही ऐकू आला, "आवं, उद्या अक्का सांगनार हाय न्हवं? न्हाईतर मी घागरी कवा काढू?" अध्यक्षांनी पत्र मुकाट्यानं खिशात घातलं. शांताक्कांनी पदरानं डोळे पुसले.

एसटी स्टँडवर मी विचारलं, "मग लंडन बरं की अमेरिका?"

"दोनीबी बरीच असत्याल," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नळाला पानी हाय, ताई. त्यांनी कसंबी बोलावं."